परसातलं खुराडं, आठ कोंबड्यांसाठी: आराखडा बघून चुका सांगा

परसदार८

अंड्यांवरच्या आठ कोंबड्यांसाठी परसात खुराडं बांधायचं आहे. कोंबडा ठेवणार नाही. जागा १० बाय ८ फूट, साधी माती, थोडा उतार, एका लांब बाजूला कुंपणाची भिंत. ठरवलंय ते असं:

रात्रीसाठी लाकडी खोकं ४ बाय ४ फूट, विटांच्या चार खांबांवर जमिनीपासून ९ इंच वर. उरलेली जागा दिवसा फिरायला. भोवती सहाकोनी भोकांची नेहमीची कोंबडी-जाळी, वरून नायलॉनचं जाळं. जाळी चौकटीला स्टेपलरने मारायची. दाराला एक सरक कडी. खोक्यात वर्तमानपत्र अंथरायचं. एक बाजू कुंपणाच्या भिंतीलाच टेकवली तर तेवढी जाळी वाचते.

रात्री भटकी कुत्री, मांजरं आणि मुंगूस येतात, घुशींची बिळं कुंपणालगत आहेत, साप अधूनमधून दिसतो. म्हणून विचारतो:

१. जाळी जमिनीत किती खोल गाडावी?
२. हवा खेळायला भोकं ठेवायची तर शिकारी प्राण्याला वाट मिळते. यातून मार्ग काय?
३. खाली कोबा करावा की माती ठेवावी?
४. दिवसाची जागाही रात्रीइतकीच पक्की हवी का?

चारसूत

जाळीपासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात मोठी गफलत आहे. सहाकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, बाहेरच्याला रोखायला नाही. तिची तार बारीक आणि नुसती पिळलेली असते. एक पीळ तुटला की शेजारचे सुटत जातात आणि कुत्रा दातांनी ओढून हाताएवढं भगदाड पाडतो. गंजायलाही ती आधी लागते. शिवाय भोक मोठं असलं की शिकाऱ्याला आत यायची गरजच पडत नाही. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय किंवा मान बाहेरूनच ओढली जाते.

वेल्डेड जाळी घ्या, भोक अर्धा इंच म्हणजे चार सूत. तार १९ गेज, म्हणजे साधारण १ मिलिमीटर, ही किमान. कुत्र्यांचा त्रास असेल तर खालच्या तीन फुटांना १६ गेज (१.६ मिमी) लावा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, दुकानात इथेच घोटाळा होतो. मिळाली तर वेल्डिंग झाल्यावर जस्त चढवलेली जाळी घ्या. आधी जस्त आणि मग वेल्डिंग केलेल्या जाळीत सांधे उघडे राहतात आणि गंज तिथूनच धरतो. ओळख सोपी आहे: सांध्यावर जस्ताचा थर सलग दिसला तर नंतरची, सांधा काळपट दिसला तर आधीची.

अर्ध्या इंचातून मुंगूस, मोठा उंदीर, घूस, जाडजूड साप यांपैकी कोणी येत नाही. घरातला लहान उंदीर आणि सापाचं पिल्लू येऊ शकतं. ती भीती असेल तिथे, विशेषतः पिल्लं ठेवायच्या कप्प्याला, पाव इंची जाळी लावा. सगळीकडे पाव इंची लावू नका. हवा अडते आणि धूळ-पिसांनी ती लवकर बुजते.

नुसत्या स्टेपलरवर विसंबू नका. स्टेपलरने जाळी जागेवर धरा आणि वरून एक इंच रुंद, अर्धा इंच जाड लाकडी रीप ठेवून दर सहा इंचांवर दीड इंची स्क्रू मारा. जाळी चौकट आणि रीप यांच्यात दाबली गेली पाहिजे. रीप नको असेल तर रुंद वॉशर घालून स्क्रू मारा, पण मग अंतर चार इंच ठेवा. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला लावायची. बाहेरून धक्का बसला की ती चौकटीवरच दाबली जाते. आतून लावलेली जाळी त्याच धक्क्याने सुटते.

दोन पट्ट्या जोडताना टोकाला टोक भिडवू नका. चार इंच एकावर एक येऊ द्या आणि दर तीन-चार इंचांवर तारेने शिवा. शक्य असेल तर जोड खांबावरच आणा.

पहिला प्रश्न, खोली. सरळ खाली गाडण्यापेक्षा जाळी जमिनीवर आडवी पसरलेली जास्त उपयोगी. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी येऊन खणायला लागतो. पायाखाली जाळी लागली की जागा बदलतो, पण दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा एवढं गणित सहसा करत नाही. म्हणून दोन फूट रुंदीची पट्टी चारही बाजूंनी बाहेरच्या अंगाला पसरा. तिची आतली कड भिंतीच्या जाळीला दर सहा इंचांवर तारेने बांधा, दर दीड फुटावर यू आकाराची सळी ठोका आणि वर दोन इंच माती किंवा खडी टाका. कोपऱ्यांत चौकोनी तुकडा वेगळा बसवावा लागतो. तो राहून गेला तर उकरणाऱ्याला नेमका कोपराच मोकळा मिळतो.

तुमच्याकडे घुशींची बिळं आधीपासून आहेत, त्यामुळे त्या एका बाजूला मात्र दोन्ही करा: एक फूट खोल चर, जाळी उभी खाली, तळाशी सहा इंच बाहेर वळवलेली, आणि वर आडवी पट्टी. बिळं आधी बुजवा आणि दोन दिवस बघा. पुन्हा उघडली तर ती चालू बिळं आहेत. घुशींचा बंदोबस्त झाल्यावरच बांधकाम काढा, नाहीतर त्या जाळीच्या आत अडकतील.

कापलेल्या तारेचे तुकडे झाडून न्या आणि शेवटी लोहचुंबक फिरवा. कोंबडी चमकणारं काहीही टिपते. तार पोटात गेली तर पेषणीला (दाणे दळणाऱ्या जठराला) भोक पडू शकतं आणि जस्ताची विषबाधाही होते.

तूस_आणि_दाणे

जाळीबद्दल वर आलं ते पटलं. आता आतलं.

४ बाय ४ म्हणजे १६ चौरस फूट, आठ कोंबड्यांना प्रत्येकी दोन. फक्त झोपायला पुरेल, पण सलग पावसाचे दोन दिवस कोंडून राहायची वेळ आली की टोचाटोची सुरू होईल. ६ बाय ४ करा. प्रत्येकी तीन फूट आत मिळतात, आणि बाहेरची जागा जोडलेली असेल तर तेवढं बास होतं. बाहेर प्रत्येकी आठ ते दहा चौरस फूट धरतात. खोकं उंचावर घेऊन त्याखालची जागाही फिरायला मोकळी ठेवली तर तुमचे ८० फूट पूर्ण वापरात येतात. नऊ-दहा कोंबड्यांचा मोह मात्र टाळा.

९ इंच उंची ही सगळ्यात वाईट उंची. तुम्हाला खाली वाकून बघता येत नाही, झाडू जात नाही, आणि घुशीला कोरडं, अंधारं छप्पर फुकटात मिळतं. खोकं एक तर जमिनीला पूर्ण चिकटवा किंवा दोन फूट वर घ्या. मी दोन फूट म्हणेन: खाली सावली होते, खराटा फिरतो, बीळ पडलं तर लगेच दिसतं.

बसायचा दांडा: प्रत्येकीला ९ इंच धरले तर सहा फुटांत आठ बसतात, म्हणजे खोक्याच्या लांबीचा एकच दांडा पुरतो. दोन इंच रुंद, वरच्या कडा रंध्याने गोल केलेला. गुळगुळीत पाइप नको, त्यावर पकड बसत नाही. खोक्याच्या तळापासून २० इंच उंच आणि मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे. फार उंच ठेवला तर जड कोंबड्या सकाळी धपकन उडी टाकतात आणि तळपायाला गळवं होतात. टोकं खिळ्यांनी ठोकू नका. वरून उघड्या खोबणीत ठेवा म्हणजे दांडा उचलून बाहेर काढता येतो. लाल माइट दिवसा याच टोकांच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. अंधार पडल्यावर पांढरं फडकं दांड्याच्या खालच्या अंगाने ओढून बघायचं. तांबडे डाग पडले तर आहेत.

अंड्याची पेटी १२ इंच लांब, १२ रुंद, १४ उंच. चार कोंबड्यांना एक, म्हणजे दोन पुरेत. तिसरी केली तरी सगळ्या एकाच पेटीसाठी रांग लावतात ते वेगळंच. पुढे चार इंचांची आडपट्टी हवी म्हणजे तूस आणि अंडी बाहेर घरंगळत नाहीत. पेटी दांड्यापेक्षा खाली असलीच पाहिजे. कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते, आणि पेटी उंच असली तर तिथेच झोपून घाण करते.

दुसरा प्रश्न, हवा. हवेचं भोक आणि शिकाऱ्याचं भोक एकच असायला नको, बस्स. भोक मोठं ठेवा आणि त्यावर अर्धा इंची जाळी लावा. एका कोंबडीमागे एक चौरस फूट उघडी जाळी हे ढोबळ माप. तुमच्या खोक्याला पुढच्या बाजूने छपराखाली ९ इंच उंच आणि मागच्या बाजूने ६ इंच उंच अशी सहा फुटी सलग झरोक्याची पट्टी ठेवली तर साडेसात फूट होतात. पुरेसं आहे. दोन्ही पट्ट्या दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हव्यात. वारा डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही. उकाड्याच्या ठिकाणी पुढची भिंत वरची अर्धी जाळीचीच ठेवा आणि वादळी पावसासाठी ताडपत्रीचा पडदा लावा. थंडीला घाबरून झरोके बुजवू नका. कोरडी कोंबडी थंडी काढते, ओली नाही. बंद खोक्यात श्वासाची आणि विष्ठेची वाफ साठते. त्यातून सर्दी-खोकला, डोळ्यांना पाणी, आणि कडक थंडीत तुऱ्याची टोकं काळी पडणं. पहाटे दार उघडून दांड्याच्या उंचीवर नाक न्या. झोंबलं तर हवा कमी आहे.

वर्तमानपत्र नको. ते पाणी धरत नाही, ओलं झालं की घसरडं होतं. भाताचं तूस किंवा रंध्याची छिलपं यांची तीन इंच गादी घाला. बारीक लाकडी भुसा टाळा, धूळ होते. दांड्याखाली १८ इंच रुंद फळी ठेवा. रात्रभराची विष्ठा तिथेच पडते, सकाळी खरवडून काढली की गादी कितीतरी जास्त दिवस टिकते. गादीची परीक्षा: मूठभर दाबून सोडा. सैल गोळा होऊन लगेच फुटला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओली, काहीच धरलं नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी. ओली ढेकळं दिसतील तिथून काढून टाका, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवती.

मोकळीमाती

गादीत चुना भुरभुरला की वासही जातो आणि किडेही, हे राहिलं. बाकी तिसऱ्या प्रश्नाला: कोबा करू नका. कोंबडीला उकरायला माती लागते, धुळीत लोळायला लागते. कोब्यावर पाय खराब होतात.

तूस_आणि_दाणे

चुन्याचं अर्धंच खरं आहे. भिंतींना, दांड्यांना चुन्याचा हात उत्तम, फटीही बुजतात. पण ओल्या विष्ठेवर चुना टाकला की ती अल्कधर्मी होते आणि उलट जास्त अमोनिया सुटतो. वास जायचा सोडून त्या दिवशी वाढतो. ताजा चुना पायाला आणि डोळ्याला भाजतो ते वेगळं. गादी पूर्ण काढून, फरशीवर चुना मारून, वाळवून, मग नवं तूस घालून कोंबड्या आत सोडायच्या असतील तर हरकत नाही. कोंबड्या आत असताना गादीवर नको.

चारसूत

कोब्याबद्दल माझं मत थोडं वेगळं. घुशींची वस्ती असेल तर कोब्याइतका पक्का उपाय नाही. तीन इंच जाडीचा, मध्ये जाळी टाकलेला, बाहेरच्या बाजूला इंचभर उतार दिलेला कोबा आणि त्यावर सहा इंच गादी टाकली तर पाय खराब होत नाहीत. पाय खराब होतात ते उघड्या कोब्यावर किंवा पातळ गादीवर. पण एकदा ओतला की हलवता येत नाही आणि पाण्याचा निचरा चुकला तर डबकं कायमचं. या जागेत खोकं दोन फूट वर जाणार आहे, त्याचा तळ फळ्यांचा असणार आहे, म्हणजे रात्री घूस वर चढली तरच प्रश्न. तेव्हा माती ठेवा, बाहेरची आडवी जाळी नीट करा. घूस तरीही आत निघाली तर फिरायच्या जागेत मातीखाली चार इंचांवर एक इंची जाळी अंथरता येते. चार इंचांपेक्षा वर नको, उकरताना कोंबडीची नखं अडकतात.

धुळीत लोळायला कोरडा कोपरा मात्र हवाच. खोक्याखालची जागा त्यासाठी चांगली: कोरडी माती, वाळू, थोडी चुलीतली चाळलेली राख.

रंधा

सुताराच्या बाजूने काही गोष्टी.

आधी कुंपणाची भिंत. तिला टेकवू नका. भिंत आणि खुराडं यांच्यातली फट दुरुस्त करायला कधीच हात जात नाही, पाणी साचून लाकूड कुजतं, आणि मांजर-मुंगसाला छपरावर उतरायला जिना मिळतो. दोन फूट जागा सोडा, म्हणजे खाली आडवी जाळीही टाकता येईल. तेवढी जागा जाणार असेल तर फिरायची जागा १० बाय ६ करा, पण हे अंतर सोडाच. खोक्याखालचा भाग धरला तर ६० फुटांत आठ कोंबड्या दाटीने का होईना बसतात. दोन कमी ठेवल्या तर जास्त बरं.

छप्पर. खोक्याची पुढची भिंत साडेचार फूट, मागची पावणेचार, म्हणजे चार फुटांत नऊ इंच उतार. पत्र्याला एवढा पुरतो. मागे-पुढे एक ते दीड फूट पाख बाहेर काढा, नाहीतर झरोक्यातून पावसाची झड आत येते. उतार फिरायच्या जागेच्या बाहेर काढा. पागोळीचं पाणी आत पडलं की तिथे चिखल, आणि चिखलात जंत व आजार. नालीदार पत्र्याला स्क्रू लाटेच्या माथ्यावर मारा, खोलगटात नाही, आणि रबरी वॉशरशिवाय मारू नका.

आता सगळ्यांकडून राहणारी जागा: नालीदार पत्रा सरळ भिंतीवर ठेवला की प्रत्येक लाटेखाली पाऊण इंचाचं भोक राहतं. सहा फुटांच्या भिंतीवर अशी डझनावारी भोकं होतात. बाकी सगळं पक्कं करून शिकारी प्राणी इथून येतो. जाळीची चार इंच पट्टी कापून लाटांच्या आकारात दाबून बसवा आणि रीप मारा. फोम भरलात तर उंदीर कुरतडतात.

पत्रा उन्हात तापतो. खाली तीन-चार इंच पोकळी सोडून प्लायचं किंवा बांबूच्या चटईचं आतलं छत लावा, पोकळीची दोन्ही तोंडं जाळीने बंद करा. थर्माकोल उघडा ठेवू नका. कोंबड्या तो आवडीने टोचून खातात.

दार. लाकूड पावसात फुगतं म्हणून सुतार दोन-तीन सुतांची फट ठेवतो आणि उन्हाळ्यात तीच अर्ध्या इंचाच्या वर जाते. उपाय: चौकटीला आतून एक इंच पट्टी मारा, दार बंद झालं की त्या पट्टीवर टेकलं पाहिजे. फट असली तरी तिच्या मागे लाकूड आहे. बिजागरीच्या बाजूलाही हे करा, तिथे बहुतेक जण करत नाहीत. तिरका टेका खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवा. उलटा लावला तर दार लोंबतं आणि खालची फट उघडते. खाली चार इंच उंच उंबरा ठेवा, त्याखाली जाळी जाऊ द्या.

सरक कडी नाकाने, पंज्याने, कधी नुसत्या हादऱ्यांनी सरकते. कोयंडा लावा आणि त्यात स्प्रिंगचा हूक अडकवा. मोठ्या दाराला एक कडी पुरत नाही. मध्ये एकच असली तर कुत्रा खालच्या कोपऱ्याला डोकं लावतो, दार तिथे वाकतं आणि दोन-अडीच इंचांची फट पडते. वर एक, खाली एक. अंड्याच्या पेटीला बाहेरून झाकण करणार असाल तर त्यालाही हाच कोयंडा. दाराला कुलूप आणि पेटीचं झाकण नुसतं टेकलेलं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

बांधकामाचा क्रम: जमीन सपाट करून खांब, मग चर आणि जमिनीतली जाळी, मग चौकट, छप्पर, आणि बाजूच्या जाळ्या सगळ्यात शेवटी. जाळ्या आधी लावल्या की खोकं आत नेता येत नाही. लाकडाला जळालेलं इंजिन ऑइल लावायची पद्धत आहे, इथे नको. कोंबड्या लाकूड टोचतात. जमिनीला टेकणारे खांब लोखंडी अँगलचे घ्या आणि लाकूड वीट-सिमेंटच्या वर सुरू करा.

परसदार८

सगळ्यांचे आभार. बदल: खोकं ६ बाय ४, दोन फूट वर, भिंतीपासून दोन फूट सुटं, कोंबड्या सहा, अर्धा इंची १९ गेज, खालचे तीन फूट १६ गेज, आडवी जाळी दोन फूट, घुशीच्या बाजूला चरही.

तीन गोष्टी उरल्या. नायलॉनचं जाळं वर चालेल का? बाहेरच्या जागेचं रात्री काय? आणि संध्याकाळी घरी कोणी नसलं तर आपोआप बंद होणारं दार भरवशाचं आहे का? सहाकोनी जाळीचा एक गठ्ठा आधीच आणून ठेवलाय, त्याचं काय करू?

रातपहारा

नायलॉन घार-शिक्र्यापुरतं ठीक. मांजर त्यावर चढतं, उंदीर ते कातरतो, आणि पानं-पाणी साठून ते खाली लोंबतं. वरही वेल्डेड जाळी हवी, पण तिथे एक इंची चालते. किंवा निम्म्यावर पत्रा टाका. पत्र्याचा आणखी एक फायदा म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा दाणा-पाण्यात पडत नाही. बर्ड फ्लूची साथ असताना हे फार महत्त्वाचं.

तुमचा चौथा प्रश्न मघाशी कोणी घेतलाच नाही. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. ती पळत नाही, ओरडत नाही, बसल्या जागी मारली जाते. म्हणून खरी तिजोरी म्हणजे रात्रीचं खोकं. त्याचा तळ, भिंती, झरोके, सगळं अर्धा इंचाच्या नियमात बसलं पाहिजे आणि ते दर रात्री बंद झालं पाहिजे. बाहेरची जागा हा पहिला अडसर. तिथे १९ गेज आणि आडवी जाळी नीट असेल तर एखाद्या रात्री खोक्याचं दार राहून गेलं तरी सांभाळलं जातं. दोन्हींत एकाच वेळी ढिलाई झाली तर मात्र खैर नाही. बाहेरच्या जाळीला खालचे दीड-दोन फूट फळी किंवा पत्रा लावा. कुत्रं समोर दिसलं नाही की कोंबड्या घाबरून जाळीवर आपटत नाहीत, आणि पंजा आत घालून ओढायचा प्रश्नही मिटतो.

आपोआप दार चांगलं, पण त्याला माणूस समजू नका. प्रकाशावर चालणारं दार ढगाळ संध्याकाळी लवकर पडतं आणि मागे राहिलेली कोंबडी बाहेर अडकते. घड्याळावरच्या दाराची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होईल असं लावा. दार साधारण एक फूट रुंद, चौदा इंच उंच. खाली-वर सरकणारं असेल तर पंजा खाली घालून उचलता येतं, म्हणून खालची कड इंचभर खोबणीत उतरली पाहिजे. त्या खोबणीत तूस अडकलं की दार अर्धवट राहतं. खोबण आरपार ठेवा म्हणजे कचरा खाली गळतो. बॅटरीचं बघत राहा.

काही नुकसान झालंच तर आधी खुणा वाचा, मग दुरुस्ती. अख्खी कोंबडी गायब आणि थोडी पिसं: कोल्हा, कुत्रा किंवा मोठं रानमांजर, दार किंवा वरची बाजू तपासा. एकाच रात्रीत अनेक मेलेल्या, मानेला चावे, मांस फारसं खाल्लेलं नाही: मुंगूस किंवा तशाच अंगाचा लहान शिकारी. फट दोन इंचांहून लहान असणार, शोधत बसा. कुत्र्यानेही बऱ्याच एकदम मारल्या जातात, पण त्यात जाळी फाटलेली असते. डोकं किंवा पाय तेवढा नाही, धड आत: जाळीतून ओढलंय. अंडी अख्खी नाहीशी, टरफल नाही: साप. टरफलांचे तुकडे पडलेले: उंदीर, मुंगूस, कावळा, किंवा तुमचीच कोंबडी. लहान पिल्लं एकेक करून कमी होणं हे बहुधा उंदीर-घुशीचं काम.

साप आणि मुंगूस येण्याचं मुळातलं कारण बहुतेक वेळा उंदीर, आणि उंदीर येतात दाण्यासाठी. एक कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहा जणींना साधारण पाऊण किलो. तेवढंच सकाळी भरा, तिन्हीसांजेला भांडं उचला. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगली की सांड कमी होते. पोतं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. प्लास्टिकचा पिंप कुरतडला जातो. पाणी दिवसाला दीड लिटर धरा, उकाड्यात तीन.

कुत्र्यांचा फारच उपद्रव असेल तर विजेचं कुंपण: बाहेरून जमिनीपासून ६ इंचांवर एक तार, १८ इंचांवर दुसरी. फक्त त्यासाठीचं एनर्जायझर (तारेत थांबून-थांबून छोटा झटका सोडणारं यंत्र) वापरायचं. घरातली वीज सरळ तारेत सोडणं म्हणजे माणसाचा जीव घेणं. तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, त्यामुळे खालचं गवत कापत राहावं लागतं. अर्थिंगची सळी ओलसर मातीत खोल ठोकलेली हवी; झटका लागत नाही तेव्हा बहुतेक वेळा तीच कोरडी पडलेली असते.

सहाकोनी गठ्ठा भाजीच्या वाफ्यांभोवती लावा. कोंबड्या परसात सुटल्या की पहिलं पालक-मेथीवर जातात, तिथे ती जाळी आपलं काम चोख करते.

रंधा

कोंबड्या आणायच्या आधी एवढं करून बघा. अर्धा इंची सळीचा तुकडा हातात घ्या आणि छपरापासून तळापर्यंत प्रत्येक फटीला लावत जा. शिरली तर ती फट बंद करायची, "एवढीशी तर आहे" म्हणायचं नाही. मग अंधार पडल्यावर एकाने खोक्यात बॅटरी लावायची आणि दुसऱ्याने बाहेरून चारी बाजूंनी फिरायचं. झरोके सोडून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. बाहेरच्या दाराचा खालचा कोपरा पायाने जोरात दाबा. पाइपने छपरावर पाणी सोडून पागोळी कुठे पडते ते बघा.

नव्या कोंबड्या पहिले तीन दिवस खोक्यातच ठेवा, दाणा-पाणी आत. नंतर आठवडाभर फक्त जाळीच्या जागेत. एवढ्यात घर ओळखीचं होतं आणि संध्याकाळी त्या आपणहून आत जातात. एखादी बाहेरच बसून राहिली तर अंधार झाल्यावर उचलून दांड्यावर ठेवायची, दोन-चार दिवसांत शिकते.